सुट्टीचा दिवस कोणाचा?

(संघटनेच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)





या व्यासपीठावरून आजवर अनेक विद्वानांनी धम्म, संविधान आणि आंबेडकरी चळवळ यांवर विचार मांडले आहेत. आमच्यासमोर विषय निवडण्याचा प्रश्न आला, तेव्हा आम्ही उभयतांनी ठरविले की आपण विद्वान नाही, पालक आहोत. तेव्हा पालकांना ज्याचा अनुभव आहे त्याच विषयावर बोलावे. म्हणून आजचा आमचा विषय अगदी साधा आहे : शनिवार आणि रविवार. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या कुटुंबांना आठवड्यातून लाभणारे हे दोन दिवस आपण कसे घालवितो, कोणाबरोबर घालवितो आणि त्यातून आपली मुले नेमके काय शिकतात, याचा आपण थोडा विचार करू.

विषय घरगुती आहे, म्हणून तो लहान आहे असे मात्र कोणी समजू नये. सुट्टी ही वस्तू आपल्या पूर्वजांच्या वाट्याला कधीच सहजासहजी आलेली नाही. गावगाड्यात येसकराची पाळी असे. पाटलाचा निरोप पोचविणे, दवंडी देणे, सरकारी साऱ्याबरोबर तालुक्याला चालत जाणे, मेलेले जनावर ओढून नेणे, या कामांना ना दिवस होता ना रात्र. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडताना बाबासाहेबांनी एक गोष्ट स्पष्ट केली होती. कामाच्या वेळी वतनदार हजर नसला, तर त्याच्या बापाला किंवा घरातील दुसऱ्या कोणाला धरून कामाला जुंपले जाई. म्हणजे बांधलेला असे तो एक माणूस नव्हे, तर सारे घर. अशा घराला सुट्टी कुठून असणार? हे वतन कायद्याने संपण्यासाठी १९५८ साल उजाडावे लागले. आज या सभागृहात बसलेल्यांपैकी कित्येकांच्या आजोबांनी ती पाळी स्वतः केलेली आहे. ही गोष्ट इतकी जवळची आहे.

गाव सोडून जे मुंबईला गिरणीत गेले, त्यांनाही आरंभी सुट्टी नव्हती. ती मिळवून देणाऱ्या माणसाचे नाव आपल्या मुलांना ठाऊक असले पाहिजे. ते नाव नारायण मेघाजी लोखंडे. महात्मा जोतीराव फुल्यांचे हे सत्यशोधक सहकारी 'दीनबंधु'चे संपादक होते. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या केल्या, त्यांत रविवारच्या पूर्ण सुट्टीची मागणी होती. ती पदरात पडण्यास सहा वर्षे लागली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली आणि मुंबईच्या कामगाराला रविवार मिळाला. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांच्या पुढाकाराने १९४५ मध्ये कारखान्यातील कामगारांना पगारी रजेचा हक्क मिळाला, आणि १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. ज्या अमेरिकेत आपण आज राहतो तेथेही दोन दिवसांची सुट्टी आकाशातून पडलेली नाही. १८८६ च्या शिकागोच्या आंदोलनापासून १९३८ च्या कायद्यापर्यंत आणि १९४० मध्ये प्रत्यक्षात आलेल्या चाळीस तासांच्या आठवड्यापर्यंत, या देशातील कामगारांनी त्यासाठी अर्धशतकाहून अधिक काळ झुंज दिली.

मित्रहो, या रविवाराचे आपल्या लोकांनी काय केले, हे पाहिले म्हणजे मन अभिमानाने भरून येते. जुनी दिनदर्शिका काढून पाहा. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले, तो दिवस रविवार होता. त्याच वर्षी २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, तोही रविवार होता. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, रविवारी. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याची घोषणा झाली, रविवारी. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण सर्वांनी नवा जन्म घेतला तो अशोक विजयादशमीचा दिवस, तोही रविवारच होता. कोणाला हा निव्वळ योगायोग वाटेल, तर वाटो. परंतु गिरणी, गोदी आणि रेल्वे यांत राबणाऱ्या माणसाजवळ आठवड्यातून स्वतःचा म्हणावा असा एकच दिवस होता, हे विसरता येत नाही. तो दिवस अनेकांनी झोपेसाठी राखला नाही. तो त्यांनी चळवळीला दिला. त्यांच्या त्या रविवारांवर आपले आजचे शनिवार-रविवार उभे आहेत.

आता आजच्या आपल्या घरांकडे वळू.

शनिवारची सकाळ उजाडते ती कामांची यादी घेऊन. आठवड्याचे साचलेले कपडे मशीनमध्ये जातात. एका मुलाचा सॉकरचा सामना असतो, दुसऱ्याचा पोहण्याचा वर्ग असतो, आणि दोन्ही ठिकाणे गावाच्या दोन टोकांना असतात. उन्हाळा असेल तर गवत कापायचे, हिवाळा असेल तर दारातला बर्फ ओढायचा. दुपारी भारतीय वाणसामानाच्या दुकानात फेरी, कारण ज्वारीचे पीठ आणि सुकट अन्यत्र मिळत नाही. संध्याकाळी कोणाच्या मुलाचा वाढदिवस, नाहीतर कोणाच्या नव्या घराचे परित्राणपाठ. रविवारी महिन्यातून एकदा पाळीपाळीने एकेका घरी वंदना. विहार दोन तासांच्या अंतरावर, म्हणून कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीतच विहार मांडायचा. पांढरी चादर, बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, फुले, मेणबत्त्या, आणि दाराबाहेर चाळीस-पन्नास जोड्यांचा चपलांचा ढीग. त्या ढिगाकडे पाहिले की आपण परदेशात आहोत हे क्षणभर विसरायला होते.

हे सारे फार सुंदर आहे. ज्या पहिल्या पिढीने दोन-दोन, तीन-तीन घरांपासून ही परंपरा उभी केली, त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु या सुंदर चित्रात एक जागा अशी आहे जिकडे आपले लक्ष जात नाही. ती जागा म्हणजे स्वयंपाकघर.

ज्या घरी रविवारची वंदना असते, त्या घरातील भगिनीची सुट्टी शुक्रवारी रात्रीच संपलेली असते. शुक्रवारी नोकरीवरून आल्यावर ती वाटाणे भिजत घालते. शनिवारी रस्सा, मसाला, खिरीचे दूध. रविवारी पहाटेपासून पोळ्या. पाहुणे येतात, त्रिसरण-पंचशील होते, कोणी समतेवर बोलते, टाळ्या होतात. पुरुषमंडळी बैठकीत बसून मायदेशाच्या राजकारणाची आणि संघटनेच्या निवडणुकीची चर्चा करतात. मुले तळघरात खेळांच्या यंत्रापुढे. आणि समतेवरचे ते भाषण जिने ऐकायला हवे होते ती त्या वेळी पन्नास ताटे मोजत असते. रात्री पाहुणे गेल्यावर भांडी असतात. सोमवारी सकाळी तीही तुमच्याआमच्यासारखी कामावर जाते.

येथे आम्हांला एक प्रश्न विचारावासा वाटतो, आणि तो कोणाला दुखविण्यासाठी नाही. ज्या सुट्टीसाठी घरातील एकाच व्यक्तीला अखंड राबावे लागते, तिला सुट्टी म्हणायचे काय? गावात साऱ्या गावाच्या सोयीसाठी एक घर बांधलेले होते. आज साऱ्या घराच्या आनंदासाठी एक माणूस बांधलेले असेल, तर आपण ती पाळी मोडली, की फक्त घरात आणून बसविली?

बाबासाहेबांचे या बाबतीतले विचार आपल्याला नवे नाहीत. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे असे त्यांनी प्रतिपादिले. त्या काळी गिरणीतील बाईच्या विश्रांतीला राष्ट्रहिताशी जोडणे ही केवढी दृष्टी होती! १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरला भरलेल्या महिला परिषदेत त्यांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचे आपले माप सांगितले, आणि पत्नीने पतीची दासी नव्हे, तर मैत्रीण आणि बरोबरीची सहचारिणी म्हणून उभे राहावे, असा उपदेश केला. हिंदू कोड बिलासाठी १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा त्याग केला. मंत्रिपद सोडणाऱ्या त्या महापुरुषाच्या अनुयायांना रविवारी हातात भांडी घासायची घासणी घेणे जड जाऊ नये.

ही गोष्ट केवळ न्यायाची नाही, शिक्षणाचीही आहे. आपली मुले आपल्या भाषणांतून फारसे शिकत नाहीत, कारण ती भाषणे मराठीत असतात आणि त्यांना मराठी अर्धेच कळते. परंतु कोण बसले आहे आणि कोण उभे आहे, कोणासाठी ताट वाढले जाते आणि कोण शेवटी जेवते, हे पाहण्यासाठी कोणतीही भाषा लागत नाही. उच्च-नीच म्हणजे काय हे मूल पहिल्यांदा घरात पाहते, आणि समता म्हणजे काय हेही ते घरातच पाहते. ज्या घरात वडील पोळ्या लाटतात आणि मुलगा ताटे उचलतो, त्या घरात बाबासाहेबांच्या विचारांचा निम्मा पाठ न बोलता पुरा होतो.

आता मुलांविषयी. आपल्याला परदेशात वारंवार सतावणारा प्रश्न असा की जातीची गोष्ट मुलांना केव्हा आणि कशी सांगावी. काही पालक म्हणतात, येथे त्याची गरज काय? मुलांना त्या दुःखापासून दूर राहू द्यावे. या भावनेमागे माया आहे, हे आम्ही जाणतो. परंतु शनिवार-रविवारी आपली मुले अन्य भारतीय कुटुंबांतही जातात. तेथे कोणीतरी सहज विचारते, "तुमचे पूर्ण आडनाव काय? मूळ गाव कोणते?" मूल घरी येऊन विचारते की त्यांना माझ्या आडनावाचे एवढे काय? या देशातही हा प्रश्न आता कायद्यापर्यंत पोचला आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटल शहराने जातीवरून होणाऱ्या भेदभावास बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतील पहिले शहर ठरले. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात तशा आशयाचे विधेयक विधिमंडळाने संमत केले, परंतु ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी त्यावर नकाराधिकार वापरला. तेव्हा मूल हे कधीतरी ऐकणारच. ते परक्याच्या तोंडून, तुच्छतेने ऐकण्यापेक्षा आईबापांच्या तोंडून, स्वाभिमानाने ऐकणे बरे.

कसे सांगावे? आमची सूचना अशी की बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलेल्या एका सुट्टीच्या गोष्टीपासून आरंभ करावा. १९०१ सालची ही हकिगत आहे. रामजीबाबा नोकरीनिमित्त गोरेगावला होते आणि मुले साताऱ्याला. वडिलांनी मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्याकडे बोलाविले. लहानगे भीमराव, त्यांचे बंधू आणि भाचे यांना केवढा आनंद झाला! नवे सदरे शिवले, जरीच्या टोप्या आल्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. आगगाडीचा तो त्यांचा पहिलाच प्रवास. मसूर स्टेशनवर उतरले, तो न्यायला कोणी आलेले नाही, कारण मुले येत असल्याचे पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. स्टेशनमास्तरांनी छान कपड्यांतील मुले पाहून आस्थेने चौकशी केली; जात कळताच ते मागे सरले. एकही बैलगाडीवाला त्यांना घेईना. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, आणि गाडीही मुलांनीच हाकायची, गाडीवान शेजारून पायी चालणार, या अटीवर एक गाडी मिळाली. बरोबर भरपूर अन्न होते, परंतु प्यायला पाणी कोणी देईना. रात्रभर ती मुले तहानलेली आणि उपाशी राहिली.

ही गोष्ट आपल्या मुलांना समजते, कारण सुट्टी, नवे कपडे, आगगाडी आणि बाबांना भेटण्याची ओढ या साऱ्या गोष्टी त्यांच्या जगातल्या आहेत. ती ऐकून दहा वर्षांचे मूल पहिला प्रश्न विचारते : "पण पाणी का दिले नाही?" त्या प्रश्नाला घाई न करता उत्तर द्यावे. आणि मग सांगावे की त्या मुलाने पुढे सव्वीस वर्षांनी, एका रविवारी, हजारो लोकांना बरोबर घेऊन महाडच्या तळ्याचे पाणी प्यायले. मग ती गोष्ट दुःखाची राहत नाही. ती पराक्रमाची होते. चवदार तळे म्हणजे काय हे मुलांना तेव्हाच खरे उमगते.

शनिवार-रविवारचा विचार करताना भगवान बुद्धांच्या सिगालोवाद सुत्ताची आठवण होते. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी त्यातील उपदेश गृहस्थांसाठीच्या विनयात घेतला आहे. राजगृहाचा सिगाल नावाचा तरुण रोज सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करी, कारण वडिलांनी मरताना तसे सांगितले होते. तथागतांनी त्याची चेष्टा केली नाही. त्यांनी दिशांचा अर्थच बदलून दिला. पूर्व म्हणजे मातापिता, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्यासाठी श्रम करणारे लोक, आणि वरची दिशा म्हणजे श्रमण. नमस्कार दिशांना नव्हे, माणसांना करावा; आणि तो हात जोडून नव्हे, कर्तव्य करून करावा. दोन दिवसांच्या सुट्टीत या सहा दिशांकडे पाहायचे म्हटले तर काय दिसते?

पूर्व दिशा आपल्यासाठी खरोखरच पूर्वेला आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर उन्हाळ्यात शनिवारी रात्रीचे नऊ वाजतात, तेव्हा महाराष्ट्रात रविवारचे सकाळचे साडेसहा झालेले असतात. आई चहा ठेवून फोनची वाट पाहत असते. पूर्वी मिनिटाला पैसे मोजून बोलावे लागे, म्हणून 'बरे आहे ना?' एवढेच व्हायचे. आता चेहरा पाहून तासभर बोलता येते. आणि नेमके आताच आपण पाच मिनिटांत फोन मुलांच्या हाती देतो, आणि मुले 'जय भीम आजी' म्हणून पळून जातात. या फोनला एक काम जोडून द्यावे. मुलांनी आजी-आजोबांना दर आठवड्याला एक प्रश्न विचारावा : तुमची शाळा किती लांब होती? नागपूरला दीक्षेला तुमच्या घरचे कोण गेले होते? त्या वेळी भाकरी कशाची बांधून घेतली? दीक्षाभूमीवर प्रत्यक्ष उभी असलेली पिढी आता थोडीच उरली आहे. त्यांच्या आठवणी कोणत्याही ग्रंथालयात नाहीत; त्या फक्त त्या फोनच्या पलीकडे आहेत.

उत्तर दिशा मित्रांची. बाबासाहेब १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात आले, तेव्हा वसतिगृहात त्यांना नवल भथेना हा पारशी मित्र लाभला. ती मैत्री जन्मभर टिकली. १९२० मध्ये अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करण्यासाठी लंडनला जाताना बाबासाहेबांना जो पैसा उभा करावा लागला, त्यात या मित्राने दिलेले ५००० रुपयांचे कर्ज होते. ज्या माणसाला आपल्या देशात बैलगाडीवाला शेजारी बसू देईना, त्याला परदेशात असा मित्र मिळाला. म्हणून आपल्या शनिवार-रविवारच्या पंगतीत केवळ आपलीच माणसे असू नयेत. शेजारचे कृष्णवर्णीय कुटुंब, मुलांच्या शाळेतील शिक्षिका, कचेरीतील सहकारी, इतर देशांतून आलेले बौद्ध, हे सारे आपल्या घरी यावेत आणि आपणही त्यांच्याकडे जावे. त्याचबरोबर आपल्यातला नवा आलेला विद्यार्थी, एकटा राहणारा तरुण, नुकतीच नोकरी गेलेला बंधू, यांना सणाच्या दिवशी नव्हे तर साध्या शनिवारी जेवायला बोलवावे. सणाच्या गर्दीत एकटा माणूस अधिकच एकटा पडतो.

खालच्या दिशेविषयी थोडेच, पण महत्त्वाचे सांगायचे आहे. मालकाची जी पाच कर्तव्ये तथागतांनी सिगालाला सांगितली, त्यांत शक्तीप्रमाणे काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, गोडधोड वाटून खाणे यांबरोबर पाचवे कर्तव्य आहे वेळोवेळी सुट्टी देणे. लोखंड्यांच्या मागणीचे मूळ आपल्याला अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या उपदेशात दिसते. आपल्यापैकी कित्येक जण रुग्णालयात, पेट्रोलपंपावर, दुकानात काम करतात. त्यांचा रविवार कधी मंगळवारी येतो, कधी येतच नाही. आखाती देशांतील आपल्या बांधवांचीही हीच कथा आहे. कार्यक्रमाला सतत गैरहजर राहणाऱ्या अशा कुटुंबांविषयी 'त्यांना समाजाची ओढ नाही' असे बोलण्याची सवय आपण सोडली पाहिजे. आणि उपाहारगृहात रविवारी दुपारी आपली ताटे उचलणाऱ्या माणसाला सुट्टी आहे की नाही, याचीही जाणीव आपल्या मुलांना असावी. त्याच्याशी आपण कसे बोलतो, हे मुले पाहत असतात.

मित्रहो, बाबासाहेबांना कौटुंबिक जीवनाचे सुख फार थोडे लाभले. त्यांच्या पाच अपत्यांपैकी चार बालपणीच गेली. १९२६ मध्ये लाडका राजरत्न गेला. २७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या. मुलांना मांडीवर घेऊन बसावे असे निवांत रविवार त्यांच्या वाट्याला आले नाहीत. जे आले ते त्यांनी आपल्यासाठी वेचले. आपण त्यांच्याप्रमाणे सर्वस्व द्यावे अशी अपेक्षा येथे कोणी करीत नाही. परंतु जे घर, जी मुले आणि जी विश्रांती त्यांच्या त्यागातून आपल्याला मिळाली, तिचा न्याय्य उपभोग घेणे एवढे तरी आपल्या हाती आहे.

म्हणून संघटनेपुढे आम्ही तीन सूचना ठेवतो.

पहिली : मासिक वंदनेचे जेवण साधे असावे. वरण, भात, एक भाजी आणि पौर्णिमा असेल तर खीर. प्रत्येक घराने एक पदार्थ आणावा, आणि ज्या घरी कार्यक्रम असेल त्या घरच्या भगिनीने काहीही करू नये. पाहुणचाराच्या चढाओढीमुळे काही कुटुंबे वंदना आपल्या घरी ठेवायला कचरतात, हे आपण सर्व जाणतो. ती चढाओढ थांबली तर अधिक घरे उघडतील.

दुसरी : जेवणानंतरची सारी आवराआवर पुरुषांनी आणि मुलग्यांनी करावी, आणि त्या वेळेत भगिनींनी बैठकीत बसून सभा चालवावी. त्या दिवशी बोलतील त्या, ऐकू आम्ही, स्वयंपाकघरातून. ऐकू आले नाही तर समजेल की आजवर त्यांना काय ऐकू येत होते.

तिसरी : प्रत्येक वंदनेतील अर्धा तास मुलांचा असावा, आणि तो पाठांतराचा नसावा. पंचशील त्यांना पाठ आहे. त्याचा अर्थ त्यांना आपल्या शब्दांत, इंग्रजीत सांगायचा असेल तर इंग्रजीत, सांगू द्यावा. त्यांनी अवघड प्रश्न विचारले तर रागावू नये. प्रश्न विचारण्याची मोकळीक हाच तर आपल्या धम्माचा वारसा आहे. जो धम्म स्वतः पारखून घ्या म्हणतो, त्या धम्माच्या घरात 'मोठ्यांना उलट विचारू नये' हे वाक्य शोभत नाही.

या सूचनांना खर्च नाही, ठराव नाही, वर्गणी नाही. येत्या रविवारी कोणाकडे वंदना आहे हे फलकावर लिहिले आहे. तेथूनच आरंभ करता येईल. बंधूंनी येताना बाही दुमडता येईल असा सदरा घालून यावे, एवढीच नम्र विनंती.

 सर्व घरांतील सर्व माणसांना सुट्टी लाभो, सर्वांचे मंगल होवो.

नमो बुद्धाय! जय भीम!